पाण्याची पाळी सगळ्यांची: मोसम ते बाणगंगा

(दृश्य: मोसम नदीवरचा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट)

लोक आपला कारभार स्वतः करू शकतात, की वाट दाखवायला वरून कुणी नेता, कुणी पक्ष लागतोच? हा प्रश्न घेऊन आधी पाण्याकडे बघू. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाण तालुका. इथं मोसम आणि आरम नद्यांवर काही शतकांपासून गावकऱ्यांचे बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असतात. एकेका तुकड्याला म्हणतात फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. या फडात ऊस, तर शेजारच्या फडात हंगामी पीक. पुढच्या वर्षी अदलाबदल.

या पद्धतीचं मर्म जमिनीच्या वाटणीत आहे. एकाच शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. पाऊस कमी पडला की पंच बसतात आणि यंदा किती फड भिजवायचे ते ठरवतात. एखादा फड कोरडा ठेवला, तर त्याची झळ एकट्या कुणाला बसत नाही, सगळ्या घरांना बसते. पाटाच्या तोंडाशी शेत असलेल्यानं जास्त पाणी ओढलं, तर खालच्या फडातलं त्याचं स्वतःचंच पीक वाळणार.

शेतकऱ्यानं आपल्या हातानं पाणी घ्यायचं नाही, हाही नियम. पाणी देणार पाटकरी. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, पिकं राखणार जागल्या. त्यांचा मेहनताना सगळे शेतकरी मिळून देतात. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला लाभधारकांनी स्वतः उतरायचं. कलेक्टर नाही, आमदार नाही, पक्षाचा झेंडा नाही. तरी पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत आलं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, पेट्रोग्राडचे कामगार)

लोकांना वाट दाखवायला पक्ष लागतोच, असं मानणारेही होते. 1902 साली रशियन क्रांतिकारक लेनिननं मांडलं होतं की कामगार आपल्या बळावर फार तर संघटना बांधून पगारवाढ मागतील. क्रांतीची जाणीव त्यांच्यापर्यंत बाहेरून आणावी लागेल, आणि ती आणणार शिस्तबद्ध पक्ष. पण 1917 मध्ये रशियात ज्या सोव्हिएत उभ्या राहिल्या, त्या कामगार-सैनिकांनी निवडून दिलेल्या सभा होत्या. 1921 च्या मार्चमध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाट या नौदल तळावरच्या खलाशांनी याच सभांच्या नव्यानं, गुप्त मतदानानं निवडणुका मागितल्या. त्यांच्यावर लेनिनच्याच पक्षानं फौज घातली. वाट दाखवणाऱ्यांच्या हाती कायमची सत्ता गेली की पुढे काय होतं, ते तिथं स्पष्ट दिसलं.

मग बागलाणचे फड हेच उत्तर आहे का? नुसत्या कौतुकावर थांबणं बरोबर नाही. मोसमवर वरच्या अंगाला हरणबारी धरण झालं, आरमवर केळझर. नदीचं पाणी कधी, किती सुटणार, हे आता सरकारी खातं ठरवू लागलं. विहिरी आणि मोटारी आल्या, आणि ऐपत असलेल्याला फडाची गरज उरली नाही. गाव आपल्या पाटाचा कारभार उत्तम करू शकतं, पण पाटाच्या उगमावरच दुसऱ्याचा हात असेल तर एकट्या गावाचं काही चालत नाही.

(दृश्य: ओझर, बाणगंगेचा काठ, द्राक्षबागा)

म्हणून नाशिकजवळच्या ओझरला यायचं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतांना मिळत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं. 1990 च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, आपसात वाटायचं, पाणीपट्टी आपणच वसूल करायची. कालव्याचं पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींना पाझर दिला. विहिरीनं बागलाणात फड मोडला होता, ओझरला तीच विहीर सामूहिक नियोजनात आली. मला हे फार मोलाचं वाटतं.

उपाध्ये आणि कावळे हे नेते नव्हते का? होते. घरोघर जाऊन समजावणारा कुणीतरी लागतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की त्याच्यानंतर चाव्या कुणाकडे राहतात. वाघाडला त्या सभासदांकडे राहिल्या. तीन संस्थांच्या 24 झाल्या, आणि 2003 मध्ये त्या सगळ्यांनी मिळून प्रकल्पस्तरीय संस्था केली. धरणाखालच्या अख्ख्या क्षेत्राचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. गावापुरतं राहण्याची जी मर्यादा फडाला नडली, ती इथं संस्थांनी एकमेकींशी बांधून घेऊन ओलांडली.

2005 साली महाराष्ट्रानं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवण्याचा कायदा केला. त्यात संचालक मंडळावर कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ भागांना सारख्या जागा आहेत. वरच्यानं खालच्याच्या वतीनं बोलायची सोय नाही, खालचा स्वतः बसतो. स्त्रियांसाठीही जागा राखून ठेवल्या आहेत.

तरीही एक मोठं काम बाकी आहे. फडात आवाज होता तो जमीनधारकाचा, आणि पाणी वापर संस्थेचं सभासदत्वही मुळात जमिनीवरच मिळतं. त्याच द्राक्षबागांत छाटणीला आणि खुड्याला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात. त्यांच्या नावावर या कालव्याखाली गुंठाभरही जमीन नाही, म्हणून त्यांना मत नाही. स्वतःचा कारभार स्वतः करणारे 'आपण' कोण, हे ठरवताना त्यांना सभेत जागा द्यावीच लागेल. पिण्याच्या पाण्यापासून सुरुवात करता येईल. तो हक्क मागायला सातबारा लागत नाही.