तिकीट गाडीला की माणसाला?

[दृश्य: सकाळचे पावणेआठ. घरांच्या वस्तीतला रिकामा चौक, चारही कोपऱ्यांवर ‘स्टॉप’ लिहिलेल्या लाल अष्टकोनी पाट्या. एक करडी गाडी येते, हळू होते, उजवीकडे वळून जाते.]

पुन्हा बघा.

गाडी हळू झाली, हे कबूल. ब्रेकचे लाल दिवेही लागले. पण मागच्या चाकाकडे नजर ठेवा. ते थांबलं नाही. चालण्याच्या वेगानं का होईना, फिरतच राहिलं.

कॅलिफोर्नियात ह्याला गमतीनं ‘कॅलिफोर्निया स्टॉप’ म्हणतात. पाटीला मान द्यायचा, थांबायचं मात्र नाही. मांडवात लांबचे काका दिसले की आपण चालता चालता हात जोडतो ना, तसं.

करडी गाडी माझी आहे. हे चित्रण नंतर केलेलं. त्या दिवशी चौकात कॅमेरा नव्हता. झाडामागे पोलिसाची मोटारसायकल होती.

[दृश्य: गाडीच्या आतून. स्टिअरिंगवर दोन हात. आरशात मागचे निळे-लाल दिवे.]

पुण्यात मामांनी बाजूला घेतलं की आपण आधी गाडीतून उतरतो. ‘साहेब, जरा घाई होती’ इथून बोलणं सुरू होतं. इथे उतरायचं नसतं. काच खाली करायची, हात दिसतील असे ठेवायचे, आणि विचारल्याशिवाय समोरच्या कप्प्यात हात घालायचा नाही. मला इथे येऊन सहा वर्षं झाली होती, तरी डावा हात दाराच्या कडीकडे गेलाच.

पोलीस सभ्य होता. लायसन्स बघितलं, गाडीचे आणि इन्शुरन्सचे कागद बघितले, तिकीट, म्हणजे आपल्याकडचं चलन, लिहिलं, सही मागितली. सहीजवळ छापलेलं असतं की गुन्हा कबूल न करता मी हजर राहण्याचं वचन देते. म्हणजे सही ही कबुली नव्हे. आपली बरीच मंडळी इथेच बिचकतात, सही करायला का-कू करतात. सही नाकारली तर अटक होऊ शकते, त्यामुळे तो बाणेदारपणा दाखवायची ही जागा नव्हे.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. चहाचा कप, कोर्टाकडून आलेलं पाकीट, एक कॅल्क्युलेटर.]

स्टॉपच्या पाटीवर न थांबण्याचा मूळ दंड 35 डॉलर. ऐकायला स्वस्त वाटतो. आता गंमत बघा. 35 चे 40 धरायचे. मग दर दहा डॉलरमागे राज्याचे 10, काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, 7, डीएनए तपासणीच्या निधीचे 5, कोर्टाच्या इमारतींसाठी 5, तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी 2. मूळ दंडावर 20 टक्के अधिभार. कोर्टाच्या कामकाजाचे 40. दोष सिद्ध झाला म्हणून आणखी 35. काउंटीप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण बेरीज 235 डॉलरच्या आसपास जाते. नवरदेव पस्तीसचा आणि वऱ्हाड दोनशेचं.

हे पैसे एकदाच जातात. जास्त दुखतं ते ह्या कागदावर ठळक लिहिलेलंच नसतं. त्याला म्हणतात पॉइंट.

डीएमव्ही, म्हणजे इथलं आरटीओ, प्रत्येक लायसन्सधारकाची नोंद ठेवतं. स्टॉपला न थांबणं, सिग्नल तोडणं, वेगमर्यादा ओलांडणं, ह्या चालत्या गाडीतल्या साध्या गुन्ह्यांना एक पॉइंट. दारू पिऊन चालवणं किंवा धडक देऊन पळून जाणं, ह्याला दोन. साधा पॉइंट तीन वर्षांहून थोडा जास्त काळ नोंदीत दिसत राहतो. बारा महिन्यांत चार पॉइंट झाले तर लायसन्सवरच संक्रांत. पण तिथवर पोचायच्या कितीतरी आधी इन्शुरन्सची कंपनी जागी होते.

तिला कोणी फोन करून चुगली करत नाही. इथे गाडीची पॉलिसी बहुधा सहा महिन्यांची किंवा वर्षाची असते. रिन्यूअल जवळ आलं की कंपनी डीएमव्हीकडून तुमची नोंद मागवू शकते. तिकीट मार्चमधलं, वाढीव प्रीमियमचं पत्र सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात आपण सगळं विसरलेलो असतो, आणि मग म्हणतो, कंपनीनं उगाच भाव वाढवला.

एका पॉइंटला नेमके किती टक्के, असं मला सगळे विचारतात. सरसकट उत्तर नाही. प्रत्येक कंपनीचं दरपत्रक वेगळं, आणि ते राज्याच्या विमा आयुक्तांकडून मंजूर करून घ्यावं लागतं. जाहिरातीत एकच टक्केवारी छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. मात्र ह्या गणिताचा एक भाग कायद्यातच बसवलेला आहे. तो समजून घेण्यासारखा आहे.

[दृश्य: कॅलिफोर्नियाचा नकाशा. त्यावर तारीख उमटते: 8 नोव्हेंबर 1988.]

त्या दिवशी इथल्या मतदारांनी प्रस्ताव 103 मंजूर केला. तोवर तुम्ही कुठल्या पिनकोडात राहता, ह्यावर तुमचा प्रीमियम मोठ्या प्रमाणात ठरे. गरीब वस्तीतला माणूस कितीही जपून चालवो, भाव चढाच. प्रस्तावानं क्रम लावून दिला: सर्वांत आधी माणसाची गाडी चालवण्याची नोंद, मग तो वर्षाला किती मैल चालवतो, मग चालवण्याचा अनुभव किती वर्षांचा. बाकी सगळं ह्या तिघांच्या मागे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कंपन्या तुमचा क्रेडिट स्कोअरही तपासतात. कॅलिफोर्नियात गाडीच्या विम्याला तो चालत नाही. 2019 पासून पुरुष की बाई हेही चालत नाही.

म्हणजे इथे पॉइंटला जे वजन आलं, ते लोकांनी मत देऊन दिलंय. मला हे पटतं. प्रीमियम भरताना जरा कमी पटतं.

त्याच प्रस्तावानं ‘गुड ड्रायव्हर’ सवलत आणली. लायसन्सला तीन वर्षं झालेली असावीत, आणि त्या तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट नसावा. अशा माणसाला निदान 20 टक्के सूट द्यावीच लागते. शिवाय असा माणूस ज्या कंपनीच्या दारात जाईल, तिनं त्याला पॉलिसी नाकारायची नाही.

शब्द नीट ऐका: एकापेक्षा जास्त. पहिल्या पॉइंटनं ही सवलत जात नाही. दर वाढू शकतो, पण बिरुद राहतं. तीन वर्षांच्या आत दुसरा पॉइंट आला की बिरुद गेलं. समजा, सवलतीशिवाय तुमचा प्रीमियम 2000 डॉलर आहे. सवलतीत तुम्ही 1600 भरता. सूट 20 टक्क्यांची होती, पण ती गेल्यावर 1600 चे 2000 होतात, म्हणजे वाढ 25 टक्क्यांची. वर त्या पॉइंटांचा कंपनी लावेल तो भार वेगळा. आणि आता कंपनी तुम्हाला दार बंदही करू शकते.

[दृश्य: रात्र. लॅपटॉपचा उजेड. पडद्यावर एक प्रश्न, चार पर्याय.]

ह्यातून सुटायची एक वाट आहे, आणि ती म्हणजे शाळा. ट्रॅफिक स्कूल. साधा गुन्हा असेल, वेग मर्यादेपेक्षा 25 मैलांहून जास्त नसेल, मागच्या 18 महिन्यांत ही सोय वापरलेली नसेल, तर कोर्ट सहसा परवानगी देतं. दंड पूर्ण भरायचा. वर कोर्टाची फी. वर शाळेची फी. म्हणजे आधी महाग पडतं, आणि अनेक जण तिथेच मागे सरतात. ‘आधीच अडीचशे गेले, अजून कशाला?’ असं म्हणणारा एक तरी आपल्या दर गणपतीच्या पंगतीत भेटतो. माझ्या मते पहिल्या तिकिटाला ही शाळा न करणं म्हणजे चिंध्या वेचून शालू फेकणं. शाळा पूर्ण केली की गुन्हा नोंदीत राहतो, पण गोपनीय होतो. पॉइंट धरला जात नाही, आणि इन्शुरन्स कंपनीला तो दिसत नाही.

मी तीन रात्री बसले. पान लवकर वाचून झालं तरी पुढे जाता येत नाही, घड्याळ चालू असतं. स्टॉपच्या पाटीवर गाडी नेमकी कुठे थांबवायची, हा प्रश्न मला शेवटच्या परीक्षेत आला. थांबण्याची रेघ असेल तर रेघेच्या आधी. बरोबर आलं.

पार्किंगच्या तिकिटाला ह्यातलं काहीच लागू नाही. रस्ता झाडायच्या दिवशी गाडी चुकीच्या बाजूला राहिली, मीटर संपला, पुलाचा टोल चुकला: खिशाला चाट, पॉइंट शून्य. मागचा दिवा फुटल्याचं तिकीट असेल तर दिवा बसवून दाखवायचा, 25 डॉलर भरायचे, मिटलं.

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को. चढाचा रस्ता, खांबावर कॅमेरा. गाड्या पाठमोऱ्या.]

आणि आता हा कॅमेरा. सॅन फ्रान्सिस्कोनं 2025 मध्ये वेग टिपणारे असे कॅमेरे 33 ठिकाणी लावले. मर्यादेपेक्षा 11 ते 15 मैल जास्त असाल तर 50 डॉलर. पॉइंट नाही. इन्शुरन्सला पत्ता नाही. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात पोलिसानं थांबवलं तर पॉइंट आहे, तीन वर्षांची साडेसाती आहे.

हा अन्याय वाटतो ना? मलाही वाटला होता. पण कॅमेरा कशाचा फोटो काढतो, ते बघा. मागच्या नंबरप्लेटचा. पोलिसानं माझं लायसन्स बघितलं होतं, माझा चेहरा बघितला होता. कॅमेऱ्याला गाडी ठाऊक असते, गाडीतला माणूस नाही. गाडीला दंड लावता येतो. पॉइंट मात्र माणसालाच लावावा लागतो.

[दृश्य: पुणे. सिग्नलला दुचाक्यांची गर्दी. वर खांबावर कॅमेरा.]

आता आपल्याकडे या. पूर्वी मामा पावती फाडायचे, आता मोबाइलवर ई-चलन येतं. डिसेंबर 2021 पासून महाराष्ट्रात दंडही वाढले. आणि तरी, चाळीस चलनं थकलेल्या गाडीचा आणि एकही नसलेल्या गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, प्रीमियम एकच. तो सरकार इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. जून 2022 च्या दरांत हजार सीसीच्या आतल्या खासगी मोटारीला 2094 रुपये, दीड हजारापर्यंत 3416, त्यावर 7897. चालवणारा संत असो की सैतान.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, असतो, 20 टक्क्यांपासून चढत 50 पर्यंत. तो चलनावर जात नाही, क्लेमवर जातो. म्हणून तर बंपरला पोचा पडला की लोक क्लेम न करता ओळखीच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करून घेतात. आणखी एक नवल: हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली तरी तो तुमच्याबरोबर नव्या गाडीवर येतो. चलन मात्र गाडीच्या नंबरला चिकटलेलं.

चलन आणि विमा, हे दोन धागे जोडायचा विचार झाला होता. सप्टेंबर 2019 मध्ये विमा नियामकानं, आयआरडीएआयनं, अभ्यासगट नेमला. जानेवारी 2021 मध्ये त्याचा मसुदा आला: पॉलिसीत पाचवा भाग जोडायचा, वाहतूक नियमभंगाचा प्रीमियम. दारू पिऊन चालवलं तर 100 गुण, चुकीच्या जागी गाडी लावली तर 10. गुणांप्रमाणे चारचाकीला 300 ते 1500 रुपये, दुचाकीला 100 ते 750. सुरुवात दिल्लीत करून बघायची. सप्टेंबर 2024 मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हीच मागणी पुन्हा केली.

मसुद्यातलं एक कलम मला खटकलं. हा प्रीमियम भरायचा कोणी? गाडीच्या नोंदणीकृत मालकानं. ड्रायव्हर ठेवलेल्या ट्रॅव्हल्सवाल्यानं, मुलाला स्कूटर दिलेल्या आईनं. इथे कॅमेऱ्याला जो प्रश्न सोडवता आला नाही, तोच मसुद्यानं मालकाच्या गळ्यात घातला.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. व्हिडिओ कॉल. पलीकडे वडील, मागे बाल्कनीतली तुळस.]

मी ही फिल्म जुळवत असताना बाबांना चलनाचा मेसेज आला. सिग्नल तोडल्याचा. बाबा गेली दोन वर्षं स्कूटरवर बसलेले नाहीत.

‘बाबा, कोण चालवत होतं?’

‘अगं, मला काय माहीत? शनिवारी तुझा भाऊ घेऊन गेला होता, रविवारी शेजारचा ओंकार.’

‘फोटो बघा ना, मेसेजमध्ये लिंक असेल.’

बाबांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

‘पाठमोरा आहे कोणीतरी. हेल्मेट घातलंय, ते एक बरं केलंय. नंबर मात्र अगदी स्वच्छ दिसतोय हं.’