मागे आठ टर्मिनल

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने 1948 साली खेळण्यातल्या आगगाडीसाठी झेडडब्ल्यू हा ट्रान्सफॉर्मर काढला. काळा, जड, दोन्ही टोकांना मोठी हँडल. नंतरच्या आवृत्तीवर 275 वॅट असं लिहिलेलं आढळेल. असा एखादा तुमच्या हाती लागला, तर तो भिंतीतल्या 230 व्होल्टला चुकूनही लावू नका. तो अमेरिकेतल्या 115 व्होल्ट, 60 सायकलसाठी (म्हणजे हर्ट्झसाठी) बनलाय. मध्ये व्होल्ट उतरवणारा, 110 व्होल्टचा, 500 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या; तोही वेगळ्या गुंडाळ्यांचा, ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. आपल्याकडे 50 सायकल असल्याने गाभा जरा जास्त तापतो, म्हणून 120 पेक्षा 110 बरे.

प्लग लावण्याआधी वायर खोक्यात शिरते तिथे हळूच वाकवून बघा. रबराचा भुगा पडला, तर ती वायर बदलायचीच. चिकटपट्टीवर भागवायचं नाही.

आता मागची बाजू. ए, बी, सी, डी ही चार टर्मिनल आणि चार यू. ए आणि डी मोठ्या हँडलवर चालतात, बी आणि सी छोट्या नॉबवर. चारही यू आतून एकच आहेत. रूळ तीन असतात: मधला आणि बाहेरचे दोन. ए मधल्या रुळाला, यू बाहेरच्यांना. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची वापरा आणि रूळ लांब असेल तर दर दोनेक मीटरवर नवी जोडणी द्या. नाहीतर गाडी लांबच्या वळणावर मंदावते आणि दोष इंजिनाला दिला जातो.

दिवे, सिग्नल, गाडीचा रूळ बदलणारे सांधे बी किंवा सीवर घ्या. 14 व्होल्टवर नॉब ठेवला की पुन्हा हात लावायचा नाही. दिव्याची दुसरी वायर ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणायची गरज नाही, बाहेरच्या रुळालाही जोडता येते. याच गुणाचा एक झकास उपयोग आहे. बाहेरचा एक रूळ दोन्ही टोकांना वीज न वाहणाऱ्या फायबरच्या पिना घालून वेगळा करा आणि सिग्नलची वायर त्याला लावा. गाडी त्यावर आली की चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, सिग्नल लागतो. गाडी गेली की विझतो.

खरी गोम सर्किट ब्रेकरमध्ये आहे. तो फक्त यूच्या वाटेवर बसवलाय. समजा मधल्या रुळाचे दोन भाग केलेत, एक एवर 16 व्होल्ट, दुसरा डीवर 10. मधल्या रुळावरून वीज घेणारे इंजिनाखालचे दोन रोलर त्या भागांमधल्या फटीवर आले की सहा व्होल्टचा फरक रोलर जोडणाऱ्या बारीक वायरीतून धावतो. यूकडे जातच नाही, मग ब्रेकरला कळणार कसं? वायर जळते. म्हणून ए ते डी प्रत्येकाच्या वाटेवर वेगळा 10 अँपिअरचा जलद फ्यूज लावा, आणि गाडी फट ओलांडताना दोन्ही हँडल सारखी ठेवा.

दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडताना यूला यू जोडा, दोन्ही 14 व्होल्टवर ठेवा आणि एकाच्या एपासून दुसऱ्याच्या एपर्यंत मल्टिमीटर लावा. शून्याच्या आसपास आला तर ठीक. 28 दाखवला तर वीज बंद करून एका ट्रान्सफॉर्मरचा प्लग उलटा घाला, पुन्हा मोजा, आणि प्लग व सॉकेटवर रंगाचा एकेक ठिपका द्या.