किल्ल्यातला दवाखाना

नमस्कार श्रोतेहो.

पोर्तुगालमध्ये सेतूबल नावाचं बंदर आहे. सादू नदी तिथं समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखावर, डोंगराला पाठ टेकून एक जुना किल्ला उभा आहे. त्याचं नाव ओतांव. आधी पहाऱ्याचा बुरूज, मग तुरुंग, मग राजघराण्याची समुद्राकाठची राहायची जागा, असे त्याचे दिवस पालटत गेले. 1900 साली मात्र तिथं आजारी मुलं आली. कुणाच्या मणक्यात, कुणाच्या खुब्यात क्षय शिरलेला. औषध तर नव्हतंच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये शोधला होता, पण स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून चाळीसेक वर्षं होती. तोवर उपाय काय? खारा वारा, ऊन, पोटभर जेवण आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहणं. गरिबाच्या खोपटात यातलं एकही मिळत नाही. इथं ते मिळालं. या कामामागे होती पोर्तुगालची राणी आमेलिया. आज तिच्याविषयी बोलते.

राणी जन्माने फ्रेंच. फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या ऑर्लेआं घराण्यातली. घराणं परागंदा झालेलं, म्हणून जन्म 1865 चा, इंग्लंडमधल्या ट्विकनहॅमचा. 1886 मध्ये तिचं लग्न पोर्तुगालच्या युवराजाशी, कार्लोसशी ठरलं. वडिलांनी पॅरिसमध्ये एवढा थाटाचा समारंभ केला की प्रजासत्ताकवाले बिथरले आणि महिन्याभरात कायदा करून त्यांनाच देशाबाहेर घालवलं! मुलीचं लग्न वडिलांना भलतंच महागात पडलं.

1889 मध्ये कार्लोस राजा झाला. तिजोरीत खडखडाट होता. 1892 च्या फेब्रुवारीत उत्तर किनाऱ्यावर वादळ झालं आणि पोव्होआ द वार्झिम, अफुराडा इथले शंभराहून अधिक कोळी बुडाले. आपल्याकडे कोळीवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच वर्षी आमेलियाच्या पुढाकाराने समुद्रात सापडलेल्यांना वाचवणारी संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे.

पुढच्याच वर्षी लिस्बनच्या आल्कांतारा या कामगार वस्तीत तिने गरीब मुलांसाठी दवाखाना काढला. 1899 मध्ये क्षयरोग्यांच्या मदतीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि ओतांवचं रुग्णालय त्याच कामातून उभं राहिलं. 1907 मध्ये ग्वार्दा या डोंगरावरच्या, हजार मीटरहून उंच गावी मोठं आरोग्यधाम उघडलं. डॉक्टर सोझा मार्टिन्श यांनी या हवेचा पाठपुरावा आयुष्यभर केला, आणि ते स्वतःच क्षयाने खंगले. उद्घाटनाच्या दहा वर्षं आधीच ते गेले होते. आरोग्यधामाला नाव त्यांचं दिलं.

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. ही राणी गोव्याचीही राणी होती. 1895 मध्ये पणजीच्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला, त्यांनी नकार दिला आणि गोव्याच्या सत्तरी भागातल्या राणे सरदारांनी त्यांची बाजू उचलली. तो उठाव मोडायला लिस्बनहून जो सेनानी आला, तो आफोन्सो या राणीचा सख्खा दीर. आल्कांताऱ्याच्या पोरांना दूध-औषध आणि सत्तरीच्या रानात बंदुका, दोन्ही एकाच घरातून निघालं. तिच्या दवाखान्यांचं मोल यामुळे कमी होत नाही असं मला वाटतं, पण हिशेब पुरा सांगावा.

घरच्या प्रजेचाही राग होताच. राजघराण्याने सरकारकडून उचललेल्या पैशांचं प्रकरण गाजत होतं. 1 फेब्रुवारी 1908. विला व्हिसोझाहून परतलेलं राजकुटुंब लिस्बनमध्ये उघड्या बग्गीतून निघालं आणि नदीकाठच्या चौकात गोळ्या सुटल्या. राजा जागीच कोसळला. एक मारेकरी बग्गीच्या पायरीवर चढला, तेव्हा आमेलिया उठून उभी राहिली. हातात काय होतं? स्वागताला मिळालेला फुलांचा गुच्छ. तोच तिने त्याच्या तोंडावर मारला. थोरला मुलगा, लुईश फिलिप, वाचला नाही. धाकट्या मानुएलच्या दंडाला गोळी लागली आणि अठराव्या वर्षी तो राजा झाला.

हे राज्य जेमतेम पावणेतीन वर्षं टिकलं. ऑक्टोबर 1910 मध्ये क्रांती होऊन प्रजासत्ताक आलं आणि एरिसेराच्या किनाऱ्यावरून मायलेकांना राजनौकेने देश सोडावा लागला. त्या नौकेचं नावही 'आमेलिया'च होतं. 1932 मध्ये मानुएलही ट्विकनहॅममध्येच वारला.

तिने स्वतः फ्रान्समध्ये, व्हर्सायजवळ घर केलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य आलं तेव्हा पोर्तुगाल सरकारने तिला परत बोलावलं. ती गेली नाही. पोर्तुगालात ती पुन्हा पाय ठेवायला आली 1945 मध्ये, युद्ध संपल्यावर, पस्तीस वर्षांनी. ज्या प्रजासत्ताकाने तिला हाकललं होतं त्याने तिचे दवाखाने बंद केले नव्हते, नुसते ताब्यात घेतले होते. ऐंशीच्या घरातली ही बाई तिथे पुन्हा फिरून आली.

1951 च्या ऑक्टोबरमध्ये ती वारली. तिचा देह पोर्तुगीज युद्धनौकेने लिस्बनला आणला आणि नवरा नि दोन्ही मुलांजवळ तिला ठेवलं. ओतांवच्या किल्ल्यात अजूनही हाडांच्या आजारांचं रुग्णालय आहे.

नमस्कार.