सरसकट कात्री नको

मे महिना. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांपुढे जातो. तापीकाठच्या गावांत कपाशीचा पैसा उधारी फेडण्यात गेलेला असतो, घरपट्टी-पाणीपट्टी थकते आणि ग्रामपंचायतीची तिजोरी आटते. देणी मात्र थांबत नाहीत: वीजबिल, पगार, गटार, रस्ता, शिवाय प्रवेशद्वाराची कमान.

अशा वेळी सगळ्याच खर्चाला सारखी कात्री लावली जाते. ती घातक आहे. रस्त्याचा पैसा कमी केला तर रस्ता आखूड होतो, एवढंच. वीजबिल अर्धं भरलं म्हणून पंप अर्धा चालत नाही. थकबाकी साचते आणि जोडणी तुटते. कोरोनाकाळात, 4 मे 2020 रोजी, राज्य सरकारने विकासखर्च 33 टक्क्यांवर आणला, तरी आरोग्य आणि अन्न व नागरी पुरवठा हे विभाग प्राधान्याचेच ठेवले.

म्हणून प्रत्येक खर्चापुढे लिहा: हे बंद पडलं तर माणसं किती दिवसांत आजारी पडतील? कमान वर्षभर थांबेल, पेव्हर ब्लॉकही थांबतील. पाण्याचा खर्च थांबू शकत नाही.

समजा, गावाची पाण्याची टाकी 50,000 लिटरची आहे. हजार लिटरला 5 ग्रॅमप्रमाणे 250 ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह उघडायचा. शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन दाखवणारी चाचणी) पिवळी आलीच पाहिजे, क्लोरीन किमान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम. पोतं उघडं, दमट जागी राहिलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. पुरवठा बंद असताना फुटक्या पाइपात गटाराचं पाणी ओढलं जातं. त्यामुळे गळती काढणं हे नव्या पाइपलाइनच्या आधीचं काम.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ग्रामपंचायतींचा 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठी राखीव केला: निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेल्या अबंधित निधीतून पगार देता येत नाही. म्हणून पाणी सोडणाऱ्याचा पगार गावाच्या वसुलीतून, आणि तोही सर्वांत आधी. तो माणूस काम सोडून गेला की टीसीएल कोण टाकणार?

मोटार जळते तीही ऐन उन्हाळ्यात. पाणी खोल जातं, पंप कोरडा फिरतो. कधी विजेच्या तीन फेजपैकी एक जाते. अशा वेळी मोटार आपोआप बंद करणारं सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ड्राय रन संरक्षण स्टार्टरला मार्चअखेरपूर्वीच बसवून घ्या.