‘आज नको’ म्हणायची मुभा

मंडळी, २०२० साली कोरोनाच्या साथीत ‘दोन हात लांब राहा’ हे शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. आता विमान चालवायला शिकवतात त्या छोट्या सेसना १७२ विमानाचं कॉकपिट डोळ्यांसमोर आणा. आतली रुंदी जेमतेम एक मीटर. शिक्षकाचा खांदा विद्यार्थ्याच्या खांद्याला लागतो. तिथं दोन हात कुठून आणायचे?

विमानात अंतर मिळत नाही, म्हणून ते वेळापत्रकात राखायचं. एका शिक्षकाकडे ठरावीक तीन-चार विद्यार्थी, आणि साथ सरेपर्यंत अदलाबदल नाही. उड्डाणाआधीचं आणि नंतरचं बोलणं हँगरबाहेर, उघड्यावर. आत बसल्यावर हवेचे झरोके उघडे. विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना खिडकीसुद्धा. मास्कमुळे आवाज दबतो, म्हणून विमानतळाच्या नियंत्रण टॉवरनं रेडिओवर दिलेले आकडे त्याला परत सांगताना सावकाश बोलायचं.

हेडसेट ज्याचा त्याचा. माइक ओठांना टेकलेला असतो आणि त्यावरचा स्पंज थुंकी शोषून घेतो, तो वरवर पुसून भागत नाही. बटणं, सुकाणू, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा थ्रॉटल पुसायला सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण समोरच्या काचेला ते लावू नका. ती खरी काच नसते, अ‍ॅक्रिलिक असतं. अल्कोहोलनं त्यात केसाएवढ्या चिरा पडतात. दुपारी त्या दिसत नाहीत. संध्याकाळी सूर्य समोर ठेवून उतरायला लागलात की सगळी काच पांढरी होते आणि धावपट्टी हरवते. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, एवढंच वापरा.

हे सगळं केलं, तरी अंगात ताप असलेला मुलगा आत येऊन बसला की व्यर्थ. उड्डाणाआधी वैमानिकानं स्वतःला जे प्रश्न विचारायचे, त्यांतला पहिलाच प्रकृतीचा. पण मुलं लपवतात. मी गोव्याबाहेर एका विमान प्रशिक्षण केंद्रात शिकवत असताना आपल्या डिचोलीची एक मुलगी सर्दी दाबून आली. वर जाताना काही नाही. खाली येताना तिनं सुकाणू सोडून दोन्ही हातांनी कान धरले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाक चोंदलेलं असलं की चढताना कानातली हवा बाहेर पडते, उतरताना आत शिरत नाही.

उतरल्यावर विचारलं, ‘आधी सांगितलं का नाहीस गो?’

‘सर, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे जातात ना.’

मला तिचा राग आला नाही, त्या नियमाचा आला. रोग विमानात आणणारा तो नियम होता. मी केंद्र चालवणाऱ्यांशी भांडलो, तेव्हा कुठे तो बदलला.

इथं गोव्यात डाबोळीची धावपट्टी नौदलाची, मोपाहून २०२३ च्या जानेवारीपासून प्रवासी विमानं उडतात. पण शिकायला आपली बरीच मुलं बाहेरच जातात. समोर बसलेल्या आईबाबांना म्हणून सांगतो. फी भरण्याआधी विमानं किती आहेत हे विचाराच, पण त्याच्याही आधी विचारा: माझ्या मुलीला सकाळी उठल्यावर कणकण वाटली आणि तिनं ‘आज नको’ असा फोन केला, तर तिचे पैसे आणि तिचा नंबर राहील का? हे तोंडी नको, लेखी घ्या.