मकर रंगवताना काळी पेन्सिल डबीतच राहू द्या

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय ‘मकराची शेपूट आणि पाणी’. तिथवर पोचायचंच आहे, पण रंगीत पेन्सिलींच्या डबीतल्या काळ्या पेन्सिलीवर बोलल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाववणार नाही.

मकर कोण, हे या सभागृहात सांगायला नको. गंगेचं वाहन, वरुणाचंही वाहन, मदनाच्या ध्वजावरचं चिन्ह आणि आपल्या विठोबाच्या कानांतली कुंडलं. इतकी घरची ओळख असून रंगवायला बसलं की लोक हिरवीगार मगर करून मोकळे होतात, नखशिखांत खवले. वेरूळच्या 21व्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात, गंगा ज्याच्यावर उभी आहे तो मकर एकदा जवळून बघा. कर्नाटकात हळेबिडला होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर तर खालच्या पट्ट्यांत मकरांची रांगच आहे, 12व्या शतकातली. ढोबळमानानं सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, अंग माशाचं आणि शेपटीची वेलबुट्टी. म्हणजे एकाच प्राण्यात चार पोत. खवले फक्त अंगाला. सोंडेला आडव्या सुरकुत्या, जबड्याला खडबडीत ठिपके. सोंडेवर खवले काढलेत तर हत्तीला नायटा झाल्यासारखं दिसतं. (हसू नका, दर प्रदर्शनात असा एक तरी असतोच.)

आता ती काळी पेन्सिल. प्रत्येक खवल्याला काळी चौकट काढली की सगळे खवले एकाच वजनाचे होतात आणि अंगावर मासेमारीचं जाळं टाकल्यासारखं होतं. शिवाय काळ्या शिशाची भुकटी तळहाताला लागून शेजारच्या पिवळ्यावर फिरते. ती खोडरबरानं घासली तर आणखी पसरते. मऊ ब्रशनं झटकायची आणि हाताखाली कोरा कागद ठेवायचा.

खवला मुळात कसा बसतो ते पाहा. कौलं जशी एकावर एक चढतात तसाच. त्याची मोकळी कड शेपटीकडे असते. उजेड त्या कडेवर पडतो आणि सावली तिच्या लगेच पलीकडे, पुढच्या खवल्याच्या मुळाशी. म्हणजे गडद रंग एकाच बाजूला हवा, चारी बाजूंना नको. तो गडदही काळा नको: हिरव्यावर किरमिजी, निळ्यावर गडद तपकिरी. 24 रंगांच्या डबीत हे सगळे असतात. आणि सगळेच खवले कोरत बसू नका. उजेड जिथं सावलीत वळतो त्या पट्ट्यातले पंधरा-वीस नीट करा, बाकीचे नुसते सुचवा. शेपटीकडे ते लहान होत गेले पाहिजेत, एवढं पाळा.

दाबाचं पण सांगतो. पहिले तीन-चार थर पेन्सिलीच्या स्वतःच्या वजनानं द्यायचे, टोक अणकुचीदार ठेवून. सुरुवातीलाच जोर लावलात तर कागदाची खरखर चेपते, पेन्सिलीतलं मेण तिच्यात भरून बसतं आणि पुढचा रंग वरच्या वर घसरतो. झेरॉक्सच्या कागदावर हे फार लवकर होतं. निदान 150 ग्रॅमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या, 200 असेल तर बरं. पांढरी पेन्सिल गडद रंगावर नंतर उमटत नाही, त्यामुळे सोंडेच्या सुरकुत्यांवरच्या चकाकत्या रेषा आधीच शाई संपलेल्या बॉलपेननं कोरून ठेवा. वरून पेन्सिल आडवी फिरवली की ती खाच कोरीच राहते.

आयोजक घड्याळ दाखवतायत, तेव्हा शेपूट आता भराभर. वेलबुट्टीच्या प्रत्येक वळणाला आधी पिवळा, त्यावर पोपटी, घडीच्या आत मोरपिशी, अगदी खोल जागी किरमिजीचा एक थर. वळणाचा फुगीर भाग पिवळाच सोडायचा.

पाणी म्हणजे मकराभोवती निळा भरणं नव्हे. आडव्या, तुटक रेघा आणि मधे कागद उघडा. अंगाचा हिरवा थोडा पाण्यातही उतरवा. बुडालेल्या भागाला तेच रंग, पण खवले नाहीत, कडा पुसट आणि वरून निळ्याचा एक हलका हात. पाणी अंगाला जिथं भिडतं तिथली पांढरी रेघ, पुन्हा तीच खाच, आधी कोरलेली.

सगळं झाल्यावरच फिक्या पेन्सिलीनं जोर देऊन घासा, म्हणजे थर एकजीव होतात. मेणाच्या पेन्सिली असतील तर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी साय येते. रंग उडाला म्हणून घाबरू नका, ते वर आलेलं मेण आहे. मऊ सुती कापडानं हलकेच पुसा आणि फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे, दोन-तीन पातळ हात मारा, प्रत्येक हात वाळू देऊन. फॅबर-कॅस्टेलच्या पॉलिक्रोमॉससारख्या तेलाच्या पेन्सिलींना हा त्रास सहसा होत नाही, पण त्यांची किंमत दुकानात विचाराल तेव्हा सोबत कुणाला तरी घेऊन जा.