अंधार कुठल्या बाजूला आहे?

नमस्कार श्रोतेहो.

आज डोळ्यांबद्दल बोलायचं आहे, पण मोतीबिंदूबद्दल नाही आणि चष्म्याच्या नंबरबद्दलही नाही. डोळ्याच्या मागे जी वाट सुरू होते तिच्याबद्दल. पडद्यावर उमटलेलं चित्र त्या वाटेने पार मेंदूच्या मागच्या टोकाला पोचतं. झोपल्यावर डोक्याचा जो भाग उशीला टेकतो ना, तिथवर. या वाटेत कुठेही बिघाड झाला, की डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो आणि माणसाला मात्र दिसत नाही.

गाडी चालवत नसाल, पुढ्यात विळी नसेल, तर आत्ता एक करून बघा. उजवा डोळा तळहाताने झाका. दाबायचा नाही, नुसता झाकायचा. बोटांनी नको, फटीतून आपण नकळत बघत राहतो. आता भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मध्यावर नजर लावा आणि ती न हलवता बघा: कॅलेंडरचे चारही कोपरे जाणवतात का? डावीकडचं दार, उजवीकडची खिडकी, खालची फरशी? झालं? आता डावा डोळा झाका आणि हेच पुन्हा. एकेक डोळा, वेगवेगळा. दोन्ही उघडे असले की एक डोळा दुसऱ्याचं सांभाळून घेतो. एका डोळ्याची नजर गेलेली असते आणि ते महिनोन्‌महिने कळत नाही. मग कधीतरी चेहरा पुसताना चांगला डोळा टॉवेलाखाली जातो, आणि माणूस घाबरून म्हणतो, "आज अचानक गेलं!" आज नाही गेलं. आज कळलं.

वाट थोडक्यात सांगते. प्रत्येक डोळ्यामागून एक नस निघते. तिच्यात सुमारे १२ लाख तंतू असतात. दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी, पीयूष ग्रंथीच्या साधारण १ सेंटीमीटर वर, एका चौकात येऊन मिळतात. पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू तिथे बाजू बदलतात, कानाकडचे आपल्याच बाजूने पुढे जातात. पडद्यावर चित्र उलटं उमटतं, उजवीकडचं जग डाव्या अर्ध्या भागावर. त्यामुळे चौक ओलांडल्यावर डाव्या मेंदूकडे उजव्या बाजूचं जग जातं, दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं, आणि उजव्या मेंदूकडे डाव्या बाजूचं.

म्हणून चौकाच्या आधी बिघाड असेल तर एकच डोळा अधू होतो. चौकातच असेल, बहुधा खालून पीयूष ग्रंथीची गाठ वर दाबत असते, तर दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू जाते आणि माणूस दोन्हीकडच्या चौकटींना धडकू लागतो. चौकाच्या मागे असेल तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते, दोन्हींची डावी किंवा दोन्हींची उजवी. पुन्हा सांगते: चौकाच्या आधी, एक डोळा. चौकात, दोन्ही कडा. चौकाच्या मागे, दोन्ही डोळ्यांची एकच बाजू.

गोंधळ इथेच होतो. मागचा बिघाड असलेला माणूस "डावा डोळा गेला" असंच सांगत येतो. त्याला तक्त्यासमोर बसवलं तर शेवटची ओळ धडाधड वाचतो, कारण बारीक अक्षर वाचायला नजरेचा अगदी मधला भाग लागतो आणि त्यातला अर्धा शिल्लक असला तरी भागतं. मग त्याला नवा चष्मा मिळतो. चष्म्याने बाजू परत येत नाही. आपल्याकडे साठीच्या पुढे डोळ्याला काहीही झालं की घरचेच मोतीबिंदू ठरवून मोकळे होतात, हा माझा जुना राग आहे. मोतीबिंदूत सगळं धुरकट होतं. अर्धं चित्र कापल्यासारखं नाहीसं होत नाही.

आता हे इतकं नेमकं कळलं कसं? ती हकीकत मला फार आवडते, तेव्हा जरा सावकाश सांगते.

१९०४ साली रशिया आणि जपान यांच्यात युद्ध पेटलं. रशियन शिपायांच्या हातात १८९१ सालच्या बनावटीची रायफल होती. तिची गोळी ७.६२ मिलिमीटरची, बारीक आणि अतिशय वेगवान. त्याआधीच्या जाड, संथ, शिशाच्या गोळ्या कवटीत शिरल्या की सगळं फोडून टाकायच्या. ही गोळी एकीकडून शिरायची, दुसरीकडून निघून जायची, मागे दोन लहान भोकं ठेवून. त्यामुळे डोक्यातून गोळी आरपार गेलेले काही जपानी शिपाई चालतबोलत घरी परतले. फक्त त्यांच्या दिसण्यात काहीतरी बिघडलेलं होतं.

त्यांना तपासायला होता तात्सुजी इनोउये, पंचविशीच्या आसपासचा नेत्रवैद्य. त्याच्याकडे सोपवलेलं काम संशोधनाचं नव्हतं, हिशोबाचं होतं: कुणाची नजर किती गेली ते मोजायचं, म्हणजे पेन्शन ठरवता येईल. आपण ज्याला कारकुनी म्हणतो, ते काम. पण याने प्रत्येक शिपायाच्या दोन भोकांकडे नीट पाहिलं. गोळी वेगवान होती, म्हणजे सरळ रेषेत गेली असणार. मग आत शिरल्याची जागा आणि बाहेर पडल्याची जागा माहीत असेल, तर मधला मार्ग काढता येईल. क्ष-किरण तेव्हा नुकतेच आले होते, पण त्यांत हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. म्हणून त्याने कवटीवर बसवायचं मोजमापाचं एक यंत्र बनवून घेतलं. डोक्यावर ते बसवायचं, दोन्ही भोकांच्या जागा मोजायच्या, कागदावर रेषा ओढायची आणि ती मेंदूच्या कुठल्या भागातून गेली ते काढायचं.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू नजरेचा नकाशा. शिपायाची हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावर नजर खिळवायची आणि अर्धवर्तुळाकार पट्टीवरून पांढरी खूण बाहेरून आत सरकवत आणायची. दिसली की सांग. जिथे दिसली तिथे कागदावर टिंब. सगळ्या दिशांनी. मग दुसरा डोळा. शेवटी दोन कागद शेजारी ठेवायचे: गोळी इथून गेली, अंधार इथे आला.

शिपायामागून शिपाई असे कागद जमत गेले आणि चित्र उलगडलं. मेंदूच्या मागच्या भागात आतल्या अंगाला एक खाच आहे. गोळी खाचेच्या वरच्या काठाला लागली असेल तर माणसाची खालची नजर जायची. खालच्या काठाला लागली तर वरची. पार मागच्या टोकाला लागली तर नजरेचा मधला ठिपका जायचा. खाचेत पुढे लागली तर बाहेरची कड. स्वीडनच्या हेन्शेन यांनी मृतांचे मेंदू तपासून खाचेची जागा आधीच बरोबर सांगितली होती, पण मधली नजर पुढच्या टोकाला असते असं त्यांचं म्हणणं होतं. ते उलटं आहे हे इनोउयेच्या मोजमापांतून निघालं. आणखी एक गोष्ट त्याच्या नकाशात दिसली: नजरेच्या मधल्या लहानशा भागाला मेंदूत भलीमोठी जागा मिळालेली असते आणि कडेच्या विस्ताराला अगदी थोडी. आज एमआरआयवरून असं मानतात की मधल्या १० अंशांनाच निम्म्याहून अधिक जागा लागते.

हे त्याने १९०९ मध्ये लाइपझिगला जर्मन भाषेत छापलं. नाव मात्र झालं दुसऱ्याचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोनच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात गॉर्डन होम्स हे मेंदूचे डॉक्टर होते. डोळे अधू म्हणून सैन्याने त्यांना आधी नाकारलं होतं, बरं का! त्यांनी विल्यम लिस्टर या नेत्रवैद्यांबरोबर अशाच जखमींच्या नजरेचे नकाशे काढले. ते शिकवणीत रुळले, आणि आजही विद्यार्थी होम्सचं नाव आधी ऐकतात. इनोउयेचं पुस्तक इंग्रजीत यायला २००० साल उजाडलं. ज्याने पेन्शनच्या कागदांतून मेंदूचा नकाशा काढला, त्याचं नाव निदान नेत्रविभागाच्या भिंतीवर तरी हवं.

होम्सकडे असे जखमी इतके का आले? ब्रिटिश शिपायांचं शिरस्त्राण उथळ होतं, रुंद कडेचं. वरून येणारा तुकडा अडवायचं, पण डोक्याची मागची बाजू उघडी राहायची. आपल्याकडे पोलिसांना दाखवण्यापुरतं टोपीवजा अर्धं हेल्मेट घालून लोक हायवेवर जातात, तेही मागची बाजू अशीच उघडी ठेवतं. आणि पुढून भुवईच्या बाहेरच्या टोकाला मार बसला तर त्याचा धक्का हाडातल्या बोगद्यातून जाणाऱ्या नसेला लागतो; डोळ्याला ओरखडाही नसतो आणि नजर जाते. असो.

त्याच युद्धातलं एक निरीक्षण मात्र तपासणीच्या कामाचं आहे. जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांनी १९१७ मध्ये नोंदवलं की काही जखमींना आंधळ्या बाजूला स्थिर वस्तू मुळीच दिसत नाही, पण हलणारी जाणवते. म्हणून घरी कुणाची नजर तपासताना बोटं हलवून "दिसतंय का?" असं विचारू नका. "हो" म्हणतील आणि तुम्ही फसाल. समोरासमोर बसा, हातभर अंतरावर. त्यांनी उजवा डोळा झाकला तर तुम्ही डावा झाका आणि एकमेकांच्या उघड्या डोळ्यात बघा. दोघांच्या बरोबर मध्ये, वर-डावीकडे, वर-उजवीकडे, खाली-डावीकडे, खाली-उजवीकडे, बोटं स्थिर धरा: एक, दोन किंवा पाच. किती बोटं ते विचारा. चारही कोपरे, मग दुसरा डोळा. वरचा चतकोर गेला असेल तर बिघाड बहुधा कानाच्या बाजूच्या मेंदूत असतो, खालचा गेला तर मेंदूच्या त्याहून वर असलेल्या भागात. खालचा गेलेल्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चुकतात. डावी बाजू गेली तर वाचताना ओळीची सुरुवात हुकते, उजवी गेली तर पुढचा शब्दच सापडत नाही.

आता डॉक्टर काय करतात ते भराभर सांगते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेतात, प्रत्येकावर दोन-तीन सेकंद. उजेड आल्यावर बाहुली लहान व्हायला हवी. ती उलट मोठी होत गेली, तर त्या डोळ्याची नस आजारी. मोतीबिंदू कितीही पिकला तरी असं होत नाही. मग लाल रंग: एखादं लाल झाकण एका डोळ्याने लालभडक आणि दुसऱ्याने विटकं दिसलं, तर तेही नसेचं लक्षण. तरुण माणसाला डोळा हलवताना दुखतं आणि काही दिवसांत नजर उतरते, अशा नसेच्या सुजेत हे हमखास सापडतं. तिथे मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेऊ नका. नुसत्या गोळ्यांच्या नेहमीच्या डोसने सूज उलटून येण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. गरज असेल तर आधी शिरेतून इंजेक्शन देतात.

फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा विस्तार मोजताना, एका घुमटात हनुवटी टेकवून बसवतात. मध्ये बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी बहुतेकांची चुकते. कुणी ठिपक्यामागे डोळा पळवतो, कुणी दिसो न दिसो बटण दाबतो, कुणाची पापणी खाली उतरलेली असते आणि वरची नजर गेल्यासारखं दिसतं. म्हणून पहिल्या वाईट रिपोर्टवर रडू नका, पुन्हा करा. जेवून जा, झोप काढून जा. आणि दोन्ही डोळ्यांची करा, तक्रार एकाची असली तरी! एका डोळ्याच्या रिपोर्टवरून बिघाड चौकाच्या आधी की मागे ते कळत नाही. पुढे ओसीटीवर, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनवर, तंतूंच्या थराची जाडी मोजतात. एमआरआय सांगितला असेल तर चिठ्ठीवर नजर कुठे गेली ते लिहिलंय का ते बघून घ्या. नुसतं "ब्रेन" लिहिलं की नसेचे बारीक छेद घेतले जात नाहीत.

टीबीच्या औषधांत एथाम्ब्युटॉल असतं. क्वचित त्याने दोन्ही डोळ्यांच्या मधली नजर आणि लाल-हिरवा फरक जातो, दुखत मात्र काही नाही. औषध सुरू करतानाच नजर आणि रंग तपासून घ्या. फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते एवढंच औषध थांबवतील. बाकीची आपल्या मनाने बंद करू नका. विषारी दारूतल्या मिथेनॉलनेही नस जळते, आणि ते पोटात गेल्यावर बारा-चोवीस तासांनी धुकं दिसू लागतं, म्हणून "काल तर बरा होता" यावर विसंबू नका.

एक बाजू अचानक, मिनिटांत गेली, तर तो लकवा समजा, हातपाय नीट चालत असले तरी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा चष्म्याच्या दुकानात नाही, १०८ ला फोन. सुरुवातीच्या तासांतला सीटी स्कॅन साफ येऊ शकतो. तो रक्तस्राव नाही ना एवढं बघायला काढतात.

आणि कागद सांभाळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा विस्तारही धरला आहे: ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. तक्त्यावरची अक्षरं वाचता आली म्हणून परत पाठवलं, तर फील्ड टेस्टचा कागद पुढे करा. काही यंत्रांचा छापा थर्मल कागदावर येतो आणि काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून त्याची आजच झेरॉक्स काढून फाइलला लावा. नमस्कार.